शेजारधर्म आणि सुवार्ता

(कोल्हार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात उसाचा भाव, पाटपाण्याचे वाटप, शेतमजुरांचे किमान वेतन हे विषय नेहमी निघतात. धर्मश्रद्धेचा विषय सहसा निघत नाही. निघाला तर तो दंगलीच्या किंवा निवडणुकीच्या निमित्ताने निघतो. त्यामुळे श्रद्धा म्हणजे भांडणाचे कारण एवढीच तिची ओळख कार्यकर्त्याला उरते. वस्तुतः ज्या माणसांत त्याला काम करायचे असते, ती सकाळी उठून कुणाचे तरी नाव घेऊनच कामाला लागतात. त्या नावाचा त्यांच्या वागण्याशी काही संबंध आहे की नाही, हा प्रश्न समाजवादाच्या बाहेरचा नाही.

कोल्हारसारख्या गावात तर हा प्रश्न टाळताच येणार नाही. प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर वसलेले, भगवतीदेवीचे हे ठाणे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि या पट्ट्याचा कायापालट झाला. शेजारच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. याच पट्ट्यात, राहाता, राहुरी, श्रीरामपूर आणि नेवासे या तालुक्यांत, ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांतील पुष्कळ घराणी पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजांतील आहेत. पाणी आले, साखर आली. परंतु ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याच्या वाट्याला दोहोंपैकी काय आले, हे येथील कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको.

अशा गावातील ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा रोजच्या जीवनात जगावी कशी, आणि शेजाऱ्याला ती सांगावी कशी? त्याच्या या सांगण्याकडे समाजवाद्याने कोणत्या दृष्टीने पाहावे? प्रस्तुत विवेचनाचा विषय एवढाच आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे, की श्रद्धेची साक्ष अखेर पाण्याच्या घागरीपाशी, जेवणाच्या पंगतीत आणि मजुरीच्या हिशेबात द्यावी लागते. तेथे दिलेली साक्ष ऐकली जाते. तेथे न दिलेली साक्ष व्यासपीठावरून कितीही मोठ्याने दिली तरी वाऱ्यावर जाते. नगर जिल्ह्याचा इतिहास या उत्तराला साक्षीदार आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ च्या अखेरीस नगरला आले. त्यांचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच निघाले. पण शब्दांपेक्षा अधिक परिणाम केला तो शाळांनी. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईस आली, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागली, आणि १८६२ साली नगरलाच वारली. जोतीराव फुले यांनी तिच्या शाळा पाहिल्या आणि त्यानंतर १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पुढे १८७३ साली त्यांनी स्थापला तो सत्यशोधक समाज. परंतु एका स्त्रीने आपल्या श्रद्धेपायी परमुलखात चालविलेल्या शाळेचे बी त्यांच्या हातून शूद्रातिशूद्रांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणात रुजले, हे कोण नाकारील? श्रद्धा दुसऱ्याला देणे म्हणजे त्याचे नाव आपल्या वहीत लिहून घेणे, एवढाच अर्थ असता तर फॅरारबाईंच्या वहीत जोतीरावांची नोंद झाली नाही म्हणून तो प्रयत्न फुकट गेला असे म्हणावे लागेल. तो फुकट गेला नाही. शेजाऱ्याच्या शेतात उगवलेले पीक हेही पीकच असते.

खेड्यांत ही सुवार्ता कशी पोहोचली? परदेशी पाद्री घोड्यावरून आला, बोलला आणि पुढच्या गावी गेला. मागे राहिला तो शाळेचा एतद्देशीय शिक्षक. महारवाड्याच्या चावडीत तो मुलांना अक्षरे शिकवी, आलेली पत्रे वाचून दाखवी, सरकारी कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी त्यात काय लिहिले आहे ते सांगे. सोयऱ्याने सोयऱ्याला सांगितले, बहिणीने भावाला सांगितले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्तकथा कीर्तनातून लावली. वीणा, टाळ, मृदंग आणि पूर्वरंग-उत्तररंगाची ओळखीची चाल, त्यामुळे ऐकणाऱ्याला ती परकी वाटली नाही. म्हणजे येथील ख्रिस्ती समाज हा कुणा साहेबाच्या भाषणाचे अपत्य नाही. तो गावकुसाबाहेरच्या माणसांनी एकमेकांना दिलेल्या धीरातून वाढलेला आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. १८७६ ते ७८ आणि १८९६ ते १९०० या काळांतील दुष्काळांत पुष्कळ लोक मिशनकडे वळले. तेव्हा हे लोक भाकरीसाठी ख्रिस्ती झाले, असे म्हणतात. आक्षेप घेणाऱ्याने क्षणभर येसकराची पाळी आठवावी. ज्याच्याकडे ती पाळी असे, त्याने गावाची दिवसरात्र चाकरी करावयाची, सांगावे पोहोचवावयाचे, मेलेली गुरे ओढावयाची, आणि संध्याकाळी दारोदार हाक देऊन शिळी भाकर गोळा करावयाची. ही वतनाची बेडी कायद्याने तुटली ती १९५८ च्या कनिष्ठ वतने नाहीशी करणाऱ्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला भाकरीसाठी अपमान गिळावा लागला, त्याने दुष्काळात अपमानावाचून भाकर देणाऱ्याकडे पाहिले, यात लाज वाटावयाची असेल तर ती कुणाला? तथापि या प्रश्नाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उपाशी माणसापुढे भाकर धरून त्याच्या मनाचा सौदा करणे हे कोणत्याही धर्माला आणि कोणत्याही पक्षाला शोभणारे नाही. भाकर द्यावी ती माणूस भुकेला आहे म्हणून. तिच्या पाठीमागे अट आली की तिची येसकराची भाकर होते. देणारा बदलतो, घेणाऱ्याची मान मात्र खालीच राहते.

याच रस्त्याने नगरकडे निघाले की राहुरी लागते. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आयुष्याची काही वर्षे राहुरीत गेली. टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे परत आल्या त्याही आपले सोवळे आणि आपले पाणी वेगळे राखून. नवऱ्याने त्यांच्यावर बळजोरी केली नाही. नगर-राहुरीच्या त्या वर्षांत आजूबाजूची माणसे, त्यांचे आजार, त्यांची मुले आणि त्यांचा लोभ पाहता पाहता एके दिवशी त्यांच्या मनाने कौल दिला, की हा जातीचा भेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे. मग त्यांनी पाण्यावरचा बंध तोडला, आणि बाप्तिस्म्याचा विचार त्याच्यानंतर आला. १९३४ ते ३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांनी हे सारे विनोदाच्या अंगाने, स्वतःला जराही सूट न देता सांगितले आहे. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी दुसऱ्याच्या हातचे पाणी, मग धर्म. ज्यांनी आधी धर्म घेतला आणि पाण्याचा प्रश्न पुढे ढकलला, त्यांचा तो प्रश्न पुढे कधीच सुटला नाही.

स्वतः टिळकांना अखेरच्या वर्षांत मिशनची चाकरी आणि तिच्या पगाराची चौकट जाचू लागली. १९१७ साली ती सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ साली ते निवर्तले आणि तो प्रयोग वाढू शकला नाही. परंतु ख्रिस्तावरील भक्ती ही कुंपणाच्या आत कोंडावयाची वस्तू नाही, आणि परदेशी पैशाच्या आधाराने उभा राहिलेला धर्म देशाच्या मातीत मुळे धरीत नाही, हे त्यांनी त्या काळात ओळखले होते. स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्या समाजवाद्यांनी या गोष्टीची नोंद घ्यावयास हवी.

परंतु हा इतिहास सांगताना गौरवाच्या गोष्टींवरच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९३८ च्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापूरला ख्रिस्ती मंडळींच्या सभेत बोलले. ख्रिस्ताविषयी आणि बुद्धाविषयी त्यांनी आदर व्यक्त केला. मात्र ख्रिस्ती झालेला अस्पृश्य समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढ्यात उतरत नाही, अशी स्पष्ट तक्रारही केली. ही तक्रार आजही खोडून काढता येईल काय? देवळात एका देवापुढे गुडघे टेकणारी माणसे लग्न जमविताना पूर्वीची जात विचारतात, मोठ्या पगाराच्या नोकरीत गेलेला मनुष्य वाडीवरच्या आपल्याच भाऊबंदाची ओळख टाळतो, हे अनुभव ख्रिस्ती समाजातील विचारी माणसेच बोलून दाखवितात. चर्चच्या आत जात शाबूत असेल तर चर्चच्या बाहेर समतेची सुवार्ता कोणत्या तोंडाने सांगावयाची? बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न मुळात हाच होता.

या प्रश्नाला शब्दांविना दिलेले एक उत्तर याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला सापडते. डॉ. रजनीकांत आरोळे हे राहुरीत जन्मलेले, शिक्षक आईबापांचे चिरंजीव. डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील त्यांच्या सहाध्यायी. १९६० साली लग्न करतानाच त्यांनी आपले आयुष्य खेड्यांतील उपेक्षितांना वाहण्याचा निश्चय केला. नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की दवाखान्यात बरा झालेला रोगी त्याच घाण पाण्याकडे आणि त्याच उपासमारीकडे परत जातो आणि पुन्हा दवाखान्यात येतो. १९७० साली त्यांनी जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

या प्रकल्पाची कार्यपद्धती कार्यकर्त्यांनी अभ्यासण्यासारखी आहे. गावाने आपल्यातील एक स्त्री निवडावयाची, आणि तिला आरोग्यसेविका म्हणून शिक्षण द्यावयाचे. निवडल्या गेलेल्या पुष्कळ स्त्रिया निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. प्रशिक्षणासाठी त्या जामखेडला एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. जातीविरुद्धचा पहिला धडा तेथे वहीत लिहून न देता ताटात वाढला गेला. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास गावोगाव हातपंप घेण्याची वेळ आली तेव्हा अनेक ठिकाणी कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या गेल्या. गावाला पाणी हवे असेल तर गावाने तेथे यावे. विहिरीवरून हाकलल्या जाणाऱ्या माणसांच्या दारात सवर्णांच्या घागरी रांगेत लागल्या. या कामावर एखादे प्रवचन झाले नसेल. पण शोमरोनी स्त्रीपाशी पाणी मागणाऱ्या येशूची गोष्ट ज्याला माहीत आहे, त्याला प्रवचनाची गरजही भासू नये.

प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे आरंभी तेथे हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९० नंतरच्या दशकात हे प्रमाण तिसाच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली निवर्तले. ख्रिस्तावरील आपली श्रद्धा त्यांनी कधी लपविली नाही, आणि औषध देताना कुणाला धर्मही विचारला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे ज्यांना पटत नाही त्यांनी जामखेडच्या गावांत जाऊन पाहावे.

अर्थात एवढ्याने जिल्हा सुधारला असे समजण्याचे कारण नाही. त्याच जामखेड तालुक्यातील खर्ड्याला २०१४ साली एका दलित तरुणाची निर्घृण हत्या झाली. कोल्हारहून बेलापूर-श्रीरामपूरच्या बाजूला निघाले की हरेगाव येते. साखर कारखान्यामुळे मजुरांची वसाहत झालेल्या या गावी जेझुइट धर्मगुरू फादर बाडर यांनी १९४९ साली मतमाउलीची यात्रा सुरू केली. दर सप्टेंबरात तेथे ख्रिस्ती आणि ख्रिस्तीतर असा अफाट जनसमुदाय लोटतो. त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये, शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या नुसत्या संशयावरून, दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारण्यात आले. हा दोष कोणत्या एका धर्माच्या पदरात घालावयाचा नाही. परंतु जेथे वर्षानुवर्षे लाखो पावले भक्तीने चालत आली, तेथे ही गोष्ट घडावी, याचा अर्थ प्रत्येक भाविकाने आणि प्रत्येक कार्यकर्त्याने आपापल्या मनाशी लावला पाहिजे. यात्रेला लोटणारी गर्दी त्या झाडाखाली, त्या दिवशी, वेळेवर उभी राहती तर तिची खरी साक्ष झाली असती.

आता हक्काचा प्रश्न. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ‘प्रसार’ या शब्दावर वाद झाला, आणि विचारान्ती तो शब्द ठेवला गेला. पुढे ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतरावर बंधने घालणारे कायदे केले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात ते उचलून धरले आणि प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला. १९७८ साली, जनता पक्षाच्या राजवटीत, ओमप्रकाश त्यागी यांनी लोकसभेत अशाच आशयाचे खासगी विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही.

बळजोरी आणि फसवणूक यांना कुणीही विरोध करील. पण आमिष म्हणजे काय, हे ठरविणार कोण? गावच्या फौजदाराने? आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेली प्रार्थना, शाळेत दिलेली वही, एकट्या पडलेल्या विधवेला दिलेला आधार, यांतील प्रत्येक गोष्ट कायद्याच्या सैल शब्दात आमिष ठरविता येते. आणि असा कायदा पहिल्यांदा पडतो तो वाडीवरच्या गरीब माणसावर. मनुष्याने काय मानावे हे त्याला ठरविता येते, तो काही गाईगुरांसारखा कुणी हाकील तिकडे जात नाही, हा विश्वास लोकशाहीचा पाया आहे. मतदाराच्या विवेकावर विश्वास ठेवणाऱ्याने भाविकाच्या विवेकावर अविश्वास दाखविणे विसंगत आहे. स्वतः समाजवादी कार्यकर्ताही दारोदार जाऊन माणसांची मते बदलू पाहतोच. तो हक्क त्याला हवा असेल तर त्याच्या ख्रिस्ती शेजाऱ्यालाही तो असला पाहिजे, आणि ‘मला हे पटत नाही’ म्हणून दार लावून घेण्याचा हक्क ऐकणाऱ्यालाही असला पाहिजे.

या हक्काची दुसरी एक पायमल्ली अधिक मुकाट्याने चालू आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने हा धर्माचा निकष काढून टाकावा अशी शिफारस केली. २०२२ साली केंद्र सरकारने या प्रश्नासाठी न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला. ज्या गावाने त्याला बाप्तिस्म्यानंतरही पूर्वीच्याच नावाने हाक मारली, त्या गावाचा पुरावा शासनाला दिसत नाही. दिसते ते फक्त चर्चचे रजिस्टर. यामुळे माणसाला आपली श्रद्धा लपवावी लागते, कागदावर एक धर्म आणि घरात दुसरा असे दुहेरी जिणे जगावे लागते. ज्याला आपली श्रद्धा उघड सांगण्याची किंमत मुलाच्या शिष्यवृत्तीने आणि नोकरीने मोजावी लागते, त्याला धर्मस्वातंत्र्य आहे असे म्हणता येणार नाही.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रथम, वाडीवरच्या ख्रिस्ती शेतमजुराला केवळ नाताळाच्या शुभेच्छा देऊन येऊ नये; त्याची मजुरी, त्याचे घरकुल, त्याच्या वस्तीतील नळ आणि त्याच्या दफनभूमीची जागा हे प्रश्न पक्षाच्या शाखेने हाती घ्यावेत. दुसरे, १९५० च्या आदेशातील भेद दूर व्हावा ही मागणी बौद्ध, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांनी एकत्र मांडावी यासाठी झटावे; कारण राखीव जागांची तीच भाकर आणखी किती जणांत वाटावयाची या भीतीने हे तिघे एकमेकांकडे संशयाने पाहतात, आणि त्या संशयाचा फायदा तिसऱ्यालाच होतो. तिसरे, प्रार्थनेसाठी जमलेल्या माणसांवर कुणी चालून आले तर तेथे कार्यकर्ता उभा दिसावा.

ख्रिस्ती मित्रांकडूनही अपेक्षा आहेत. लग्नसंबंधांतील जात त्यांनी मोडावी. मिशनच्या जमिनी आणि शाळा यांचा कारभार सभासदांपुढे उघडा ठेवावा. मजुरांच्या मोर्चात, ग्रामसभेत, पाणीवाटपाच्या भांडणात त्यांनी आपल्यापुरते न राहता सर्वांसाठी बोलावे. सोलापूरच्या सभेत बाबासाहेबांनी मागितले होते ते हेच.

त्या सभेला आठ दशकांहून अधिक काळ लोटला. कोल्हारच्या परिसरात ऊस वाढला, रस्ते रुंद झाले. मजुरीचा हिशेब आणि पाण्याची रांग या दोन जागा मात्र अजून तशाच आहेत. ख्रिस्ती भाविक आणि समाजवादी कार्यकर्ता यांची गाठ पडावयाची असेल तर ती याच दोन ठिकाणी पडेल, आणि तेथे कुणी आधी यावे याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.